उरलेल्या रोगाची मोजणी: क्रॉनिक ल्युकेमियात एमआरडी चाचणी केव्हा करावी, कशी वाचावी आणि तिच्यावरून काय ठरवावे

क्रॉनिक ल्युकेमियाच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या, उपचारांत बहुतेकांच्या वाट्याला असा एक टप्पा येतो, जेव्हा रक्ताची साधी तपासणी व्यवस्थित येते, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी ओसरलेल्या असतात, प्लीहा पूर्ववत झालेली असते, आणि घरातले सगळे एकच प्रश्न विचारू लागतात: आजार गेला का? साध्या तपासणीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. निदानाच्या वेळी शरीरातील कर्करोगी पेशींची संख्या एक लाख कोटींच्या घरात असू शकते. त्यांतल्या ९९ टक्के नष्ट झाल्या तरी उरलेला एक टक्का म्हणजे एक हजार कोटी पेशी होतात, आणि त्या निरोगी पेशींच्या गर्दीत सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत. ही शिल्लक शोधून तिचे प्रमाण सांगणाऱ्या चाचण्यांना एमआरडी (मेझरेबल रेसिड्युअल डिसीज, म्हणजे मोजता येणारा उरलेला रोग) चाचण्या म्हणतात.

या चाचणीविषयी माझे एक ठाम मत आहे आणि पुढचे सारे विवेचन त्यालाच धरून आहे. नमुना देण्यापूर्वी, ‘हा आकडा अमुक आला तर आपण काय करणार आणि तमुक आला तर काय करणार’ हे डॉक्टरांशी बोलून ठरलेले असावे. ते ठरलेले नसेल तर हाती येणारा आकडा उपचाराला दिशा देत नाही, फक्त काळजी वाढवतो किंवा खोटा दिलासा देतो.

पहिली पायरी: ल्युकेमिया नेमका कोणता, हे पक्के करावे

क्रॉनिक ल्युकेमिया या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे आजार येतात, आणि शिल्लक मोजण्याचा अर्थ दोन्हींत वेगळा आहे. रुग्णांच्या आपापसांतल्या चर्चांत या दोहोंची सरमिसळ फार होते आणि त्यातून नसते गैरसमज होतात.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलून बीसीआर-एबीएल१ हा जोडजनुक तयार होतो. आजाराचे मूळ तेच, इमॅटिनिबसारख्या गोळ्यांचे लक्ष्य तेच आणि मोजायची खूणही तीच. सर्व रुग्णांत खूण एकच असल्याने मोजणी एका आंतरराष्ट्रीय प्रमाणपट्टीवर आणता आली आहे, आणि तिच्या आधाराने रोजचे उपचारनिर्णय घेतले जातात.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे सीएलएलमध्ये, अशी सर्वांत सारखी असलेली एकच खूण नाही. तिथे बी-लिम्फोसाइट या पेशींचा एक बिघडलेला वंश वाढत जातो. तो ओळखायचा तर पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची विशिष्ट जुळणी पाहावी लागते किंवा त्या वंशाच्या इम्युनोग्लोब्युलिन जनुकाचा क्रम वाचावा लागतो, जो प्रत्येक रुग्णात निराळा असतो. त्यामुळे सीएलएलची मोजणी अधिक किचकट आहे, आणि तिच्यावर कोणता निर्णय सोपवावा हा प्रश्न त्याहून किचकट आहे.

दुसरी पायरी: उपचार सुरू होण्यापूर्वीची नोंद जपावी

पुढे कधी शिल्लक मोजायची असेल तर त्याची तयारी पहिल्या गोळीच्या आधी करावी लागते. रोग ओसरल्यानंतर त्याची मूळ ओळख पटवणे अवघड होते.

सीएमएलमध्ये जोडजनुकाचा प्रकार निदानाच्या वेळीच नोंदवलेला हवा. बहुसंख्य रुग्णांत तो ई१३ए२ किंवा ई१४ए२ असतो आणि नेहमीची पीसीआर चाचणी (जनुकाच्या प्रती वाढवून त्या मोजणारी) हेच दोन प्रकार मोजते. एखाद्या रुग्णाचा प्रकार विरळा असेल आणि ते कोणी पाहिलेच नसेल, तर नेहमीच्या चाचणीत रोग ‘आढळला नाही’ असा निकाल येऊ शकतो आणि प्रत्यक्षात तो भरपूर असू शकतो.

सीएलएलमध्ये फ्लो सायटोमेट्रीचा (पेशी एकेक करून लेझर किरणातून नेऊन त्यांच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीचा) पहिला अहवाल, आयजीएचव्ही जनुकात बदल झालेले आहेत की नाहीत याचा अहवाल, आणि १७पी हा गुणसूत्राचा भाग गळला आहे का व टीपी५३ जनुकात बिघाड आहे का, याचे अहवाल एका फाइलमध्ये ठेवावेत. जनुकक्रम वाचण्याच्या पद्धतीने पुढे मोजणी करायची असेल, तर उपचारापूर्वीच्या रक्ताचा किंवा अस्थिमज्जेचा (हाडांतील मगजाचा) नमुना लागतो, कारण शोधायचा क्रम कोणता हे त्यावरूनच ठरते. असा नमुना राखून ठेवला आहे का, हे आधीच विचारावे.

तिसरी पायरी: पद्धत आणि तिची खोली समजून घ्यावी

चाचणी किती खोलवर पाहू शकते, हे ती किती पेशी तपासते यावर अवलंबून असते. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही: दहा हजारांत एक असलेली पेशी शोधायची तर दहा हजार पेशी पाहून भागत नाही, कारण त्यांत ती एकमेव पेशी सापडेलच असे नाही, आणि सापडली तरी ती चुकून रोगी ठरवलेली एखादी निरोगी पेशी नाही याची खात्री देता येत नाही. म्हणून फ्लो सायटोमेट्रीत साधारण वीस सारख्या पेशींचा पुंजका दिसला तरच रोग ओळखला असे मानतात. या हिशेबाने दहा हजारांत एक या पातळीसाठी किमान दोन लाख पांढऱ्या पेशी आणि लाखात एक या पातळीसाठी वीस लाख पेशी तपासाव्या लागतात. संख्या नेमकी सांगायची असेल तर याहून अधिक.

सीएलएलसाठी सर्वांत रुळलेली पद्धत फ्लो सायटोमेट्रीचीच आहे. इरिक या युरोपीय संशोधकगटाने तिची प्रमाण रीत घालून दिली असून, तिच्या गाभ्यात सीडी१९, सीडी२०, सीडी५, सीडी४३, सीडी७९बी आणि सीडी८१ या सहा खुणा आहेत. तिला उपचारापूर्वीचा नमुना अनिवार्य नसतो, निकाल लवकर मिळतो, मात्र पेशी ताज्या लागतात. नमुना दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचला नाही तर पेशी मरू लागतात आणि निकालावर विसंबता येत नाही. निदानासाठी केलेली साधी फ्लो सायटोमेट्री आणि एमआरडीसाठी केलेली फ्लो सायटोमेट्री या एक नव्हेत. पहिलीत तपासलेल्या पेशी बऱ्याच कमी असतात, त्यामुळे तिचा ‘रोग दिसत नाही’ हा निष्कर्ष एमआरडी म्हणून धरू नये.

दुसरी पद्धत जनुकक्रम वाचण्याची. पुरेसा डीएनए मिळाला तर ती दहा लाखांत एक पेशीपर्यंत पोहोचू शकते. क्लोनोसेक या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये सीएलएलसाठी मान्यता दिली. नमुना ताजाच हवा अशी अट इथे नसते, मात्र वर सांगितलेला मूळ नमुना लागतो. पीसीआरवर आधारलेली, प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र जुळणी करणारी जुनी पद्धतही अचूक आहे. पण कष्टाची असल्याने ती मागे पडत चालली आहे.

सीएमएलमध्ये प्रश्न सोपा आहे. तिथे आंतरराष्ट्रीय प्रमाणपट्टीवर निकाल देणारी बीसीआर-एबीएल१ची संख्यात्मक पीसीआर चाचणी करावी, आणि दरवेळी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. ही पट्टी इमॅटिनिबच्या सुरुवातीच्या आयरिस या चाचणीतल्या रुग्णांच्या मूळ पातळीवरून बेतली असून ती पातळी १०० टक्के धरली आहे. त्यामुळे ०.१ टक्का म्हणजे त्या पातळीच्या हजारपट खाली आणि ०.०१ टक्का म्हणजे दहा हजारपट खाली, असा अर्थ होतो. ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच सांगणारी पीसीआर चाचणी उपचाराच्या पाठपुराव्याला उपयोगाची नाही.

चौथी पायरी: नमुना कुठला आणि कोणत्या वेळी, हे ठरवावे

सीएमएलच्या पाठपुराव्यासाठी हातातून काढलेले रक्त पुरते. नमुन्यातला आरएनए (ज्यावरून जोडजनुक मोजतात तो रेणू) लवकर नासतो, म्हणून तो शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत प्रक्रियेला गेला पाहिजे, एवढी काळजी घ्यावी. सीएलएलमध्ये रक्त की अस्थिमज्जा हा प्रश्न घेतलेल्या औषधावरून सुटतो. रिटुक्सिमॅब किंवा ओबिनुटुझुमॅब यांसारखी प्रतिपिंड औषधे रक्तातील रोगी पेशी मज्जेच्या आधी साफ करतात, त्यामुळे औषध चालू असताना किंवा नुकतेच संपले असताना घेतलेले रक्त प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसते. म्हणून आंतरराष्ट्रीय सीएलएल कार्यगटाच्या २०१८ च्या निकषांनुसार प्रतिसादाचे मूल्यमापन ठरावीक मुदतीचा उपचार संपल्यानंतर किमान दोन महिन्यांनी करतात. मोजणीही त्याच वेळी, म्हणजे दोन-तीन महिने जाऊ देऊन करावी. व्हेनेटोक्लॅक्स या गोळीवर आधारलेल्या उपचारांनंतर रक्त आणि मज्जा यांचे निकाल पुष्कळदा जुळतात. व्यवहारात आधी रक्त तपासावे. रक्तातच रोग सापडला तर मज्जा काढण्याचा त्रास रुग्णाला देण्याचे कारण उरत नाही. रक्त स्वच्छ आले आणि औषध थांबवण्यासारखा मोठा निर्णय त्यावर अवलंबून असेल, तरच मज्जेकडे वळावे.

मज्जा काढतानाची एक बारीक गोष्ट निकाल बदलू शकते. सुईने खेचलेल्या पहिल्या एक-दोन मिलिलिटरमध्ये मज्जेच्या पेशी दाट असतात. त्यानंतरच्या खेचण्यांत रक्त मिसळत जाते आणि नमुना पातळ होतो. पहिला भाग इतर तपासण्यांना आणि शेवटचा एमआरडीला गेला, तर मज्जेच्या नावाखाली आपण मुख्यतः रक्तच मोजतो. एमआरडीसाठी पहिलाच भाग राखून ठेवावा, ही विनंती डॉक्टरांकडे आधी करण्यात गैर काहीच नाही.

आणखी एक मर्यादा विसरू नये. रक्त आणि मज्जा दोन्ही स्वच्छ असताना रोग लसीकाग्रंथींत टिकून असू शकतो. मोजणी चांगली आली म्हणून हाताने गाठी तपासणे आणि गरज असेल तिथे सीटी स्कॅन करणे टळत नाही.

पाचवी पायरी: अहवाल स्वतः वाचावा

अहवालातला शेवटचा शब्द वाचून फाइल मिटू नये. पाच गोष्टी त्यात सापडल्या पाहिजेत: नमुना रक्ताचा की मज्जेचा, पद्धत कोणती, तपासलेल्या पेशींची किंवा डीएनएची मात्रा किती, त्या नमुन्यापुरती चाचणीची शोधमर्यादा काय, आणि रोग आढळला असल्यास त्याचे प्रमाण किती. यांपैकी एखादी नसेल तर प्रयोगशाळेकडून ती लेखी मागून घ्यावी.

एक नमुना अहवाल घेऊन पाहू. त्यात लिहिले आहे: ‘सीएलएल एमआरडी आढळला नाही. तपासलेल्या पांढऱ्या पेशी: १,२०,०००.’ वीस पेशींचा पुंजका लागतो हे लक्षात घेऊन भागाकार केला, तर या चाचणीला सहा हजारांत एक याहून कमी रोग दिसूच शकत नव्हता. कार्यगटाचा निकष मात्र दहा हजारांत एकाहून कमी, म्हणजे ०.०१ टक्क्याहून कमी, असा आहे. म्हणजे हा अहवाल खोटा नाही, पण ज्या निकषाच्या नावाने तो दाखवला जाईल तिथपर्यंत तो पोहोचतच नाही. अशा वेळी चाचणी पुन्हा करून घ्यावी. निकष पूर्ण करणाऱ्या निकालाला तज्ज्ञ मंडळी ‘यू-एमआरडी४’ असे लिहितात; लाखात एकाच्या खालचा तो ‘५’ आणि दहा लाखांत एकाच्या खालचा तो ‘६’. आकडा जितका मोठा तितकी चाचणी खोल.

आता दुसरी जोडी पाहा. पाच लाख पेशींच्या तपासणीत एका वेळी ०.०१२ टक्के आणि सहा महिन्यांनी ०.००८ टक्के असा निकाल आला. पहिल्यात साठ रोगी पेशी मोजल्या गेल्या, दुसऱ्यात चाळीस. कागदावर पहिला निकाल ‘आहे’ या बाजूला आणि दुसरा ‘नाही’ या बाजूला पडतो, पण दोहोंत उपचार बदलावा असा फरक नाही. उलट ०.००८ वरून ०.०८ आणि पुढे ०.८ टक्के, अशी दहा-दहापट चढण दिसली तर रोग वाढत आहे हे निश्चित. सीमारेषेच्या कोणत्या बाजूला आहोत यापेक्षा चढण आहे की नाही हे पाहावे, आणि त्यासाठी तारीख, नमुना, पद्धत, आकडा अशा चार रकान्यांची साधी नोंदवही ठेवावी.

सीएमएलच्या अहवालात टक्केवारीच्या शेजारी एबीएल१ या नियंत्रक जनुकाच्या प्रतींची संख्या असते. नमुना पुरेसा चांगला होता की नाही हे ती सांगते. ०.०१ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे एमआर४, ही पातळी गाठली असे म्हणायला किमान १०,००० प्रती लागतात; ०.००३२ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे एमआर४.५, यासाठी ३२,०००. ‘जनुक आढळला नाही, नियंत्रक प्रती ८,०००’ असा अहवाल आला, तर आनंद मानण्याआधी नमुना पुन्हा द्यावा.

सहावी पायरी: सीएलएलमध्ये आकड्याला किती वजन द्यावे

उपचार संपल्यानंतरची शिल्लक पुढचा काळ कसा जाईल हे बऱ्यापैकी सांगते, याविषयी शंका उरलेली नाही. जर्मन अभ्यासगटाच्या सीएलएल८ या चाचणीचे विश्लेषण २०१२ मध्ये आले. त्यात रसायनोपचार आणि प्रतिपिंड यांचा उपचार संपल्यानंतर दोन महिन्यांनी शिल्लक दहा हजारांत एकाहून कमी असलेल्यांचा रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ ६८.७ महिने होता. दहा हजारांत एक ते शंभरात एक या मधल्या गटात तो ४०.५ महिने आणि त्याहून अधिक शिल्लक असलेल्यांत १५.४ महिने होता. पुढे २०१६ मध्ये सीएलएल८ आणि सीएलएल१० या दोन चाचण्यांची माहिती एकत्र करून आणखी एक गोष्ट दिसली: स्कॅनमध्ये थोडी गाठ किंवा मोठी प्लीहा उरली असली तरी ज्यांची मोजणी स्वच्छ होती, त्यांचा हा काळ ५४ महिने होता, स्कॅनसकट सारे स्वच्छ असून मोजणीत रोग सापडलेल्यांचा ३५ महिने. ‘पूर्ण प्रतिसाद नाही, अंशतःच आहे’ हे ऐकून खचून गेलेल्यांना हा निष्कर्ष डॉक्टरांनी आवर्जून समजावून सांगावा, असे मला मनापासून वाटते.

व्हेनेटोक्लॅक्स आल्यानंतर खोल प्रतिसाद पुष्कळांना मिळू लागला. सीएलएल१४ या ४३२ रुग्णांच्या चाचणीत व्हेनेटोक्लॅक्स आणि ओबिनुटुझुमॅब यांचा बारा चक्रांचा उपचार संपून तीन महिने झाल्यावर सुमारे ७६ टक्के रुग्णांच्या रक्तात शिल्लक निकषाखाली होती. व्हेनेटोक्लॅक्सऐवजी क्लोरॅम्ब्युसिल हे जुने रसायनोपचाराचे औषध घेतलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. पण भाकीत करणे वेगळे आणि उपचार ठरवणे वेगळे. हा उपचार ठरल्याप्रमाणे बारा चक्रांनंतर थांबतो, मग मोजणी काहीही येवो. शिल्लक सापडली म्हणून त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे इथे मोजणीचा खरा उपयोग पुढची तपासणी किती जवळ ठेवायची हे ठरवण्यापुरता आणि रुग्णाला आपल्या वाटचालीचा अंदाज देण्यापुरता आहे.

इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब, झॅनुब्रुटिनिब या बीटीके-रोधक (रोगी पेशींना वाढीचा संदेश देणारे बीटीके हे प्रथिन अडवणाऱ्या) गोळ्या, सोबत दुसरे औषध न घेता, अखंड घेणाऱ्यांनी तर या चाचणीच्या मागे लागूच नये. या गोळ्या रोगी पेशींची वाढ रोखून धरतात, पण त्यांची शिल्लक बहुधा पूर्ण साफ करत नाहीत. आणि तरीही रोग वर्षानुवर्षे काबूत राहतो. अशा रुग्णाची मोजणी केली तर शिल्लक सापडणारच, आणि चांगला चाललेला उपचार फसला अशी विनाकारण भीती मनात घर करील. उलट, एखाद्याची मोजणी स्वच्छ आली म्हणून गोळी परस्पर बंद करणे हेही तितकेच चुकीचे.

मोजणीनुसार उपचाराची मुदत ठरवण्याचे प्रयत्न मात्र गांभीर्याने झाले आहेत. ब्रिटनमधील फ्लेअर चाचणीत इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स या जोडीची मुदत प्रत्येक रुग्णासाठी वेगळी होती: शिल्लक निकषाखाली यायला जितका काळ लागला त्याच्या दुप्पट काळ औषध, किमान दोन आणि कमाल सहा वर्षे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत तीन वर्षांनी रोग न वाढलेल्यांचे प्रमाण या गटात ९७.२ टक्के आणि एफसीआर या जुन्या, रसायनोपचार आणि प्रतिपिंड यांच्या उपचाराच्या गटात ७६.८ टक्के होते. आकडे उत्साहवर्धक आहेत. पण तुलना एफसीआरशी होती, त्याच जोडीच्या ठरावीक मुदतीशी नव्हती. म्हणून या यशातला वाटा गोळ्यांचा किती आणि मोजणीने आखलेल्या मुदतीचा किती, हे या तुलनेतून वेगळे काढता येत नाही. कॅप्टिव्हेट चाचणीच्या एका भागात याच जोडीनंतर मोजणी स्वच्छ असल्याची खात्री झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना इब्रुटिनिब चालू ठेवले आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी दिली. वर्षभरानंतर रोग न परतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १०० आणि ९५ टक्के होते. मोजणी स्वच्छ असेल तर औषधाला विश्रांती देता येते, या विचाराला यातून बळ मिळाले.

आकड्याचे वजन रुग्णाच्या जनुकांनुसारही बदलते. आयजीएचव्हीमध्ये बदल झालेले असतील तर उरलेल्या पेशी सावकाश वाढतात आणि थोडी शिल्लक असूनही बराच काळ निवांत जाऊ शकतो. बदल झालेले नसतील किंवा टीपी५३ बिघडलेला असेल, तर तेवढीच शिल्लक लवकर डोके वर काढते. म्हणूनच आपला आकडा दुसऱ्या रुग्णाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहू नये. आणि मोजणी कितीही चांगली आली तरी प्रतिकारशक्ती लगेच पूर्ववत होत नाही. ताप अंगावर काढणे किंवा लसीकरण टाळणे यांना ती सबब होऊ शकत नाही.

सातवी पायरी: सीएमएलमध्ये औषध थांबवण्याचा विचार

सीएमएलमध्ये मोजणी उपचाराला थेट दिशा देते. युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०२० च्या शिफारशींनुसार बीसीआर-एबीएल१ची पातळी तीन महिन्यांत १० टक्के, सहा महिन्यांत १ टक्का आणि बारा महिन्यांत ०.१ टक्का किंवा त्याहून खाली यावी. ती तशी येत नसेल तर पहिला प्रश्न गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हा असावा. प्रश्न मायेने विचारावा, कारण दुष्परिणामांना कंटाळून गोळ्या चुकवणारे पुष्कळ असतात आणि दटावल्याने ते फक्त लपवू लागतात. त्यानंतर जनुकातील प्रतिरोधक बदलांची तपासणी आणि औषध बदलण्याचा विचार येतो.

पातळी खूप खाली जाऊन तिथेच टिकली तर औषध थांबवता येते का, याचे उत्तर फ्रान्समधील स्टिम चाचणीने २०१० मध्ये दिले. इमॅटिनिब थांबवलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरानंतरही औषधाविना रोगमुक्त राहिले, आणि ज्यांच्यात रोग परतला त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांत तो पहिल्या सहा महिन्यांतच परतला. पुढे युरो-स्की या ७५८ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे निम्म्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते, आणि हे थांबवण्यापूर्वीच मनाशी स्वीकारलेले असले पाहिजे.

विचार कोणी करावा? आजार कायम पहिल्या, म्हणजे क्रॉनिक अवस्थेतच राहिलेला असावा. कधीही उपचार अपयशी ठरलेला नसावा. जोडजनुकाचा प्रकार नेहमीचा, मोजता येणारा असावा. औषध पाच वर्षांहून अधिक, किंवा दुसऱ्या पिढीचे औषध असल्यास चार वर्षांहून अधिक काळ घेतलेले असावे. आणि एमआर४ किंवा त्याहून खोल पातळी दोन वर्षांहून अधिक काळ सलग टिकलेली असावी. माझ्या मते यांइतकीच महत्त्वाची अट म्हणजे विश्वासार्ह पीसीआरचा निकाल लवकर हाती येण्याची सोय. निकाल यायला दोन महिने लागत असतील, तर बाकी सारे जुळूनही औषध थांबवू नये.

थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला, पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी मोजणी करावी लागते. समजा निकाल असे आले: ०.००४, ०.००९, ०.०३, ०.०७, ०.१४ टक्के. मधल्या निकालांवर गोळी सुरू करण्याची घाई नसते, पण चढण स्पष्ट दिसताच तपासणी अधिक जवळ आणावी, ०.१ टक्क्याची रेषा ओलांडली की औषध विनाविलंब पुन्हा सुरू करावे. असे वेळेत केल्यास बहुतांश रुग्णांची पातळी पुन्हा खाली येते. साधारण २० ते ३० टक्के लोकांना औषध थांबवल्यावर काही आठवडे किंवा महिने सांधे आणि स्नायू दुखण्याचा त्रास होतो. तो रोग परतल्याची खूण नव्हे. आधी सांगून ठेवलेले नसेल तर रुग्ण त्याने फार घाबरतो.

गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रियांसाठी हा सारा विचार विशेष मोलाचा आहे, कारण या गोळ्या गर्भाला अपाय करू शकतात. त्यांनी ही इच्छा उपचाराच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावी, म्हणजे खोल पातळी लवकर गाठण्याच्या दृष्टीने औषधाची निवड करता येते.

आठवी पायरी: शिल्लक पुन्हा दिसू लागली तर

इथे दोन्ही आजारांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. सीएमएलमध्ये ०.१ टक्क्याची रेषा ओलांडणे हेच औषध सुरू करण्याचे कारण ठरते, मग रुग्णाला काहीही त्रास नसला तरी. सीएलएलमध्ये मात्र मोजणीत रोग पुन्हा सापडू लागला एवढ्यावरून उपचार सुरू करत नाहीत. तिथे उपचाराची कारणे वेगळी आणि डोळ्यांना दिसणारी आहेत: रोगामुळे हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली उतरत जाणे, प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटरहून अधिक वाढणे, दहा सेंटिमीटरहून मोठ्या गाठी होणे, लिम्फोसाइटांची संख्या सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणे, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटणे, संसर्ग नसताना दोन आठवडे ताप किंवा महिनाभर रात्री दरदरून घाम येणे, अतिशय थकवा. मोजणीत शिल्लक परतल्यापासून यांपैकी काही दिसेपर्यंत अनेकदा वर्षे जातात, आणि ती वर्षे औषधाविना चांगली जगता येतात. या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी अंगाची तपासणी आणि साधे रक्त पुरते. दर भेटीला एमआरडी मागण्याची गरज नसते. एकच गाठ झपाट्याने वाढू लागली, तापासह वजन उतरू लागले किंवा रक्तातील एलडीएच या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण एकाएकी चढले, तर मात्र आजाराचे आक्रमक लिम्फोमात रूपांतर तर झाले नाही ना, हे गाठीचा तुकडा काढून लगेच तपासावे, मग मागची मोजणी कितीही स्वच्छ असो.

पुढचा उपचार ठरवण्याची वेळ आलीच, तर १७पी आणि टीपी५३ यांच्या तपासण्या नव्याने करून घ्याव्यात, कारण मधल्या काळात त्यांत बिघाड झालेला असू शकतो. आयजीएचव्हीची स्थिती मात्र बदलत नाही, तिची जुनी नोंदच चालते. मागचा उपचार संपल्यापासून किती काळ औषधाविना गेला, हेही नोंदवहीतून काढून डॉक्टरांसमोर ठेवावे. व्हेनेटोक्लॅक्सवर आधारलेल्या उपचारानंतर तो काळ दीर्घ असेल तर तोच उपचार पुन्हा देण्याचा पर्याय खुला राहतो, आणि तो अल्प असेल तर वेगळ्या गटातील औषधाकडे, बहुधा बीटीके-रोधकाकडे, वळावे लागते.